मदत हवी आहे: अँबॅसिडर सपाटीला पळते, घाटात दम सोडते. टायमिंग (ठिणगीची वेळ) की व्हॅक्यूम (हवेची ओढ)?

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, १९८२ ची मार्क ४, १४८९ सीसी पेट्रोल. मुक्काम बेळगाव, टिळकवाडी. गावात काही तक्रार नाही, हायवेला संकेश्वरपर्यंत सत्तरने आरामात जाते. पण चढ लागला की संपलं. गेल्या महिन्यात गोव्याहून येताना साखळी गाव सोडलं आणि चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर आलो. पेडल तळाला टेकलंय, इंजिन नुसतं घुमतंय, टेंपरेचरचा काटा वर. मागून आई म्हणाली, "उतरून ढकलू काय रे?" कणकुंबीला पोचल्यावर बॉनेट उघडून अर्धा तास बसलो. जांबोटीपासून पुढे परत शहाण्यासारखी चालली.

आतापर्यंत केलेलं: रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट नवा, टॅपेट सेट, प्लग नवे, पॉइंट-कंडेन्सर नवे, पॉइंटचा गॅप १५ थाउ (इंचाचा हजारावा भाग). कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखं. पाण्यात बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट ठीक असावं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्रास त्यानंतरच सुरू झाला. चार महिन्यांपूर्वी जुन्या कार्बोरेटरचा थ्रॉटल शाफ्ट ढिला झाला म्हणून एका गॅरेजमध्ये दुसरा सेकंडहँड बसवला. त्याला डेल्कोच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) व्हॅक्यूम पाइपसाठी बारीक नळीच नाही. मेस्त्रींनी ब्रेक बूस्टरच्या पाइपला टी मारून तिथून जोडणी दिली. डेल्कोचा जुना डायफ्राम, म्हणजे व्हॅक्यूमने ओढला जाऊन टायमिंग पुढे नेणारा पडदा, फाटलेला होता (तोंडाने ओढला तर नुसती हवा यायची), म्हणून भंगार बाजारातला डायफ्रामचा डबा लावला. टायमिंग माझ्यासमोर टायमिंग लाइट मारून केलंय, स्लोला (पेडल न दाबता) टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या) आधी ६ अंश. त्यामुळे टायमिंगवर संशय घ्यायला मन होत नाही. मग घाटातच का?

प्रतिसाद
पेट्रोलमधलं इथेनॉल असेल. शिवाय उंचीवर हवा विरळ होते.

प्रतिसाद
उंचीचं सोडा. बेळगावच साडेसातशे मीटरवर आहे, गाडी जन्मभर इथेच चालली. आणि इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, ठोका (इंजिनाची खटखट) कमी होतो. यांची गाडी ठोकत नाहीये, मरतेय. दोन वेगळे आजार आहेत.

मला एवढंच सांगा: लाइट मारला तेव्हा व्हॅक्यूम पाइप लावलेला होता की काढलेला?

धागाकर्ता
लावलेला होता. का?

तेच प्रतिसादक
मग चोर तिथेच आहे.

मूळ कार्बोरेटरला व्हॅक्यूमचं भोक थ्रॉटलच्या पत्र्याच्या जरा वर असतं. स्लोला पत्रा बंद, म्हणून भोकाला ओढ नाही. पेडल थोडं दाबलं की पत्रा भोकाच्या पुढे सरकतो आणि डायफ्राम टायमिंग पुढे नेतो. हलक्या पेडलवर मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर लागते. पेडल पूर्ण दाबलं की व्हॅक्यूम जवळपास शून्य, तेव्हा फक्त डेल्कोच्या आतल्या, वेगाने फाकणाऱ्या वजनांचा ॲडव्हान्स (पुढे नेलेलं टायमिंग) उरतो.

तुमची जोडणी थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या नळावर. तिथे स्लोलाच सगळ्यात जास्त ओढ. म्हणजे डायफ्राम पूर्ण खेचलेला असताना मेस्त्रींनी ६ अंश बघितले. घाटात पेडल दाबलं, व्हॅक्यूम गेला, डायफ्रामने दिलेले सगळे अंश परत गेले. ठिणगी उशिरा, जाळ एक्झॉस्टमध्ये, ताकद नाही आणि पाणी गरम.

डब्यावर तीन आकडे ठोकलेले असतील, ते वाचा. मग पाइप काढा, टीच्या तोंडाला बूच घट्ट मारा (ते ब्रेकचं व्हॅक्यूम आहे, गळती ठेवू नका) आणि पुन्हा लाइट मारा. पुलीच्या खाचेला आधी खडू लावा. पुलीमागच्या कव्हरवरचा सगळ्यात लांब काटा टीडीसीचा, बाकीचे पाच आणि दहा अंशांचे.

धागाकर्ता
डब्यावर ५-१३-१० आहे. आणि काका, पाइप काढल्याबरोबर खूण टीडीसीच्या पार पलीकडे गेली! खडूच्या अंदाजाने १४ अंश तरी उशिरा. इंजिन बंद पडता पडता राहिलं.

तेच प्रतिसादक
हिशोब बघा की. ५ इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमला ओढायला सुरुवात, १३ इंचाला पूर्ण, आणि जास्तीत जास्त १० अंश. पण हे १० डेल्कोचे. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा डेल्को एक, म्हणून पुलीवर २०. उणे १४ अधिक २० बरोबर ६. तुमच्या मेस्त्रींचा लाइट खोटं बोलत नव्हता.

आता पाइप काढूनच ६ अंश करा. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे टायमिंग पुढे न्यायला डेल्कोची बॉडी घड्याळाच्या दिशेने. त्याआधी रोटर हाताने त्याच्या दिशेला पिळून सोडा, स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. आला नाही तर आतली वजनं सुकलीत, दोन थेंब तेल. आणि गॅप परत बदलला तर टायमिंगही परत बघावं लागेल, गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात.

धागाकर्ता
केलं. रविवारी आधी वंटमुरी घाट, मग हिंमत करून साखळीपर्यंत उतरून चोर्ला परत चढलो. तिसऱ्यावर चढली, काटा मध्यावरच. आई नव्हती, नाहीतर ढकलण्याचं परत विचारलं असतं.

पण पाइप परत टीला लावला तर स्लो भलताच वाढतो आणि चौथ्यात पन्नासला हलक्या पेडलवर किरकिर ठोका येतो. सध्या पाइप काढून बूच मारलंय. असंच चालवू काय?

तेच प्रतिसादक
चालवा, इंजिनाला धोका नाही. फक्त हायवेला पेट्रोल थोडं जास्त खाईल. कायमचा इलाज म्हणजे नळीवाला कार्बोरेटर. जुना टाकून नाही ना दिला?

धागाकर्ता
माळ्यावर आहे! पण शाफ्ट ढिला.

प्रतिसाद
अहो, मग उद्यमबागेत न्या. लेथवाल्याकडून बॉडी बोअर करून पितळी बुश मारून घ्या. शाफ्ट झिजला असेल तर तोही बनवून देतील. भोकाजवळ मात्र हात लावू देऊ नका, तिथे मिलिमीटरने फरक पडतो.

धागाकर्ता
उद्याच माळ्यावर चढतो. बुश बसला की पाइप जोडून लाइटचे आकडे इथेच टाकीन.