कॉम्प्युटरवर सारखा 'व्हायरस सापडला' असा मेसेज येतो, सर्चही भलतीकडेच जातो

परळकर_ई
मंडळी, घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतलेला. आई-बाबा वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, नेटबँकिंग सगळं त्यावरच करतात. मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवल्यापासून दोन त्रास सुरू झालेत. उजव्या कोपऱ्यात खाली 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत' असे चौकोन येतात, आणि क्रोममध्ये काही शोधलं की निकाल कुठल्यातरी अनोळखी सर्च साइटवर उघडतात. एक एक्स्टेन्शन संशयास्पद वाटलं म्हणून काढलं, तर रीस्टार्टनंतर परत हजर. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, क्विक स्कॅन 'काही नाही' म्हणतो. फॉरमॅट न मारता निघेल का? पासवर्ड बदलायला हवेत का?

सायन_टेक
आधी एक करा: हे निस्तरेपर्यंत त्या मशीनवर नेटबँकिंग पूर्ण बंद. आई-बाबांना आजच सांगा.

तुमचे दोन्ही त्रास वेगळे आहेत. कोपऱ्यातले चौकोन बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. एखाद्या साइटने 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं, कोणीतरी ते दाबलं, आणि त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली. स्कॅनमध्ये काही सापडत नाही त्याचं कारणही हेच, कारण डिस्कवर पकडण्यासारखी फाइलच नसते. चौकोनावर बारीक अक्षरात क्रोमचं आणि साइटचं नाव दिसेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि परवानगी दिलेल्या यादीतलं ओळखीचं नसेल ते सगळं काढा. त्याच पानावर वर 'साइट्सना विचारूच देऊ नका' हा पर्याय आहे, तो निवडून ठेवा. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर एवढ्यानेच निम्मा त्रास संपतो. चौकोनात फोन नंबर दिसला तर तिथे फोन करायचा नाही. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

सर्च पळवणारं एक्स्टेन्शन मात्र खरोखर जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅडवेअर आहे. ते परत येतं म्हणजे त्याला परत बसवणारं काहीतरी मागे शिल्लक आहे. तीन ठिकाणं बघा.

पहिलं, क्रोमचं सिंक. ते चालू असेल तर काढलेलं एक्स्टेन्शन खात्यातून पुन्हा उतरू शकतं. सफाई होईपर्यंत सिंक बंद ठेवा.

दुसरं, क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय का? घरच्या पीसीला कसली ऑर्गनायझेशन? अ‍ॅडवेअर रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, लिहून एक्स्टेन्शन सक्तीने बसवतं, मग 'रिमूव्ह' बटणही चालत नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन आणि करंट यूझर या दोन्हींखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असा रस्ता आहे. आधी त्या कीचा एक्स्पोर्ट घ्या, मगच डिलीट. काही अँटिव्हायरसही इथे नोंद करतात, त्यामुळे आत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हात लावू नका.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारं विंडोजचं साधन. २०२२ मध्ये पसरलेलं क्रोमलोडर हे मालवेअर असंच काम करायचं: क्रॅक केलेल्या गेमच्या नावाखाली शिरायचं आणि शेड्यूल्ड टास्कमधून पॉवरशेल (विंडोजवर कमांड चालवणारा प्रोग्राम) चालवून एक्स्टेन्शन पुन्हा चढवायचं. लायब्ररीतल्या प्रत्येक टास्कचा 'अ‍ॅक्शन्स' टॅब उघडा. तिथे पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा अ‍ॅपडेटा, टेम्प अशा फोल्डरचा पत्ता दिसला की थांबा आणि तो टास्क तपासा.

हे झाल्यावर कंट्रोल पॅनेलमधून ते टायपिंगचं सॉफ्टवेअर काढा, मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडव्‌क्लीनर चालवा (फुकट आहे, पण त्यांच्याच साइटवरून घ्या) आणि शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चढायच्या आत तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात.

घाटकोपर_०२२
वरच्यात एक भर. असेंबल पीसीवर लायसन्स न घेता विंडोज चालू करणारं टूल, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटर वापरून विंडोज चढवलेलं असेल तर क्विक स्कॅनच्या 'काही नाही'वर विसंबू नका. असे अ‍ॅक्टिव्हेटर बऱ्याचदा डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन्स'मध्ये स्वतःचं फोल्डर, कधी अख्खी सी ड्राइव्हच घालून ठेवतात. मग तिथे स्कॅन होतच नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, तिथे व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खालच्या बाजूला एक्सक्लूजन्स. ती यादी रिकामी करा आणि मग फुल स्कॅन लावा.

तसंच अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' आहे, त्यातले दोन्ही चौकोन टिक करा. 'ब्लॉक डाउनलोड्स' फक्त एजमध्ये चालतं, क्रोमला त्याचा उपयोग नाही, पण 'ब्लॉक अ‍ॅप्स' सगळीकडे लागू होतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयूला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सिक्युरिटी अपडेट्सच्या योजनेला, नोंदणी केली असेल तरच पुढचे सिक्युरिटी पॅच मिळतात. बँकेची कामं त्यावर होत असतील तर हे टाळू नका.

विलेपार्ले_प
टायपिंगसाठी काही उतरवायची गरजच नाही. मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्येच आहे. लँग्वेजमध्ये मराठी जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये फोनेटिक निवडा. 'मराठी टायपिंग फ्री डाउनलोड' असं शोधल्यावर येणाऱ्या पानांवर खऱ्या बटणाशेजारी जाहिरातीची तीन मोठी हिरवी बटणं असतात, बहुतेक घरांत अ‍ॅडवेअर तिथूनच शिरतं.

पासवर्ड बदलाच, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आणि नुसते बदलून भागत नाही. स्पायवेअर ब्राउझरमधल्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतं, म्हणजे पासवर्ड न कळताही तुमचं चालू लॉगिन दुसऱ्याला वापरता येतं. गूगल खात्यात सिक्युरिटीमध्ये 'युअर डिव्हाइसेस' उघडून सगळीकडून साइन आउट करा, बाकीच्या खात्यांचंही तेच. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवणं, कॉम्प्युटर नंतर.

परळकर_ई
चौकोन थांबले. एक्सक्लूजन्समध्ये अख्खी सी ड्राइव्ह होती! टास्क शेड्युलरमध्ये एका अपडेटसारख्या नावाचा टास्क दर तासाला पॉवरशेल चालवतोय, पुढे अक्षरांची लांबच लांब रांग आहे. डिलीट करू का?

सायन_टेक
हो, हाच तो. ती रांग म्हणजे वाचता येऊ नये म्हणून एन्कोड केलेली कमांड. आधी टास्क डिसेबल करा, त्याचा फोटो काढून ठेवा, मग डिलीट करा, आणि रजिस्ट्रीतली पॉलिसी, एक्स्टेन्शन हे सगळं एकाच बैठकीत काढा. मध्येच रीस्टार्ट केलात तर उरलेला तुकडा बाकीचे परत आणतो.

पण सी ड्राइव्ह एक्सक्लूड होती, म्हणजे इतके दिवस त्या मशीनवर पहाराच नव्हता. काय काय आत आलं ते आता कुठल्याही स्कॅनवरून खात्रीने सांगता येणार नाही. नेटबँकिंग करायचंच असेल तर माझं मत फॉरमॅटचं. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल दुसऱ्या पीसीवर उतरवून तो तयार करा आणि इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशन्स उडवा. बॅकअपमध्ये फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या, एकही सेटअप फाइल नको. पार्टिशन्स उडवण्याआधी विंडोजच्या खऱ्या लायसन्सची सोय करून ठेवा.