मदत हवी आहे: फोटो नेमका १२०० × ६३० करायचाय, कधी ६२९ होतो तर कधी ६३१

जांभादगड

कोकणातल्या एका घरगुती निवासाच्या संकेतस्थळासाठी ८० फोटो तयार करायचे आहेत. वरच्या पट्टीसाठी १२०० × ६३० पिक्सेल आणि यादीतल्या चौकोनासाठी ४०० × ४००. दोन्ही जेपीजी, प्रत्येकी २०० केबीच्या आत. एका पिक्सेलचा फरक पडला तरी अपलोड नाकारलं जातं. मूळ फोटो आयफोनचे आहेत, ४०३२ × ३०२४, त्यातले काही उभे. संगणकावर गिम्प २.१० (फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर) आहे.

हाताने क्रॉप करून स्केल इमेजमध्ये रुंदी १२०० टाकली की उंची ६२९ किंवा ६३१ येते. क्रॉप न करता, साखळी (रुंदी-उंची जोडून ठेवणारं चिन्ह) उघडून दोन्ही आकडे टाकले तर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. काही उभे फोटो साइटवर आडवे पडतात. शिवाय '७२ डीपीआयच (दर इंचात किती ठिपके) हवा' असं सांगण्यात आलंय. तो कुठे बदलायचा?

चौकट

आधी प्रमाण, मग माप. हा क्रम पाळलात की पहिल्या दोन्ही अडचणी सुटतात.

६२९ का येतं ते पाहा. ४०३२ रुंदीच्या फोटोला १२०० × ६३० चं प्रमाण द्यायचं तर उंची २११६.८, म्हणजे २११७ पिक्सेल हवी. हाताने ओढताना ती २११५ झाली तर १२०० ला उतरवल्यावर ६२९.४६ येते आणि गिम्प ६२९ धरतं. २१२० झाली तर ६३०.९५, म्हणजे ६३१. मोठ्या फोटोतली दोन-तीन पिक्सेलची चूक इथे एका पिक्सेलच्या रूपात दिसते.

म्हणून क्रॉप टूल घेतल्यावर खालच्या पर्यायांत 'फिक्स्ड'वर खूण करा, शेजारी 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि खाली १२००:६३० लिहा. आता चौकट कशीही ओढा, प्रमाण तेच राहील. माणसं असतील तर दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवा, कारण फोनवर बऱ्याच साइट ही पट्टी बाजूंनी आणखी कापतात. एंटर दाबा, मग इमेज मेन्यूत स्केल इमेज, रुंदी १२००. चौकट अगदी छोटी घेतल्यामुळे तरीही ६३१ आलंच, तर साखळी उघडून ६३० लिहा. ६३० मध्ये १ पिक्सेल म्हणजे ०.१६ टक्के ताण, तो डोळ्याला दिसत नाही. तुमच्याकडे माणसं बुटकी झाली कारण ९०० उंचीचा फोटो ६३० मध्ये दाबला गेला.

लहान केल्यावर फोटो किंचित मऊ पडतो. फिल्टर्स, एन्हान्स, शार्पन (अनशार्प मास्क) इथे रेडियस ०.५ ते ०.८ आणि अमाउंट ०.३ ते ०.५ ठेवा. तिथे आधीपासून असलेला ३.० रेडियस वेबच्या मापाला फार जास्त आहे. त्याने कौलांच्या कडांना पांढरी रेघ येते.

मग एक्सपोर्ट अ‍ॅज. क्वालिटी ८० पासून सुरू करा आणि 'शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो'वर खूण करा, म्हणजे फाइल किती केबीची होणार ते तिथेच कळतं. मोकळं आकाश आणि समुद्र असलेला फोटो सहज बसेल. माडाच्या झावळ्या, जांभ्याची भिंत, गवत यांत बारीक तपशील खूप असतो, म्हणून तीच क्वालिटी ठेवूनही फाइल फुगते. अशा फोटोला ७० पर्यंत खाली या, पण ६० च्या खाली नको, आकाशात चौकोनी ठिपके दिसू लागतात. पाटीवरची लाल अक्षरं अस्पष्ट होत असतील तर अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत सबसॅम्पलिंग (रंगाचा तपशील किती कमी करायचा ते) ४:४:४ करा, म्हणजे रंग पूर्ण राहतो.

डीपीआयची काळजी सोडा. तो आकडा छपाईसाठी असतो. १२०० × ६३० चा फोटो ७२ वर आणि ३०० वर पडद्यावर अगदी सारखाच दिसतो.

उजेड

उभ्या फोटोंबद्दल. फोन बहुतेक वेळा पिक्सेल आडवेच साठवतो आणि 'फिरवून दाखवा' अशी एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) खूण ठेवतो. साइटने ती खूण वाचली नाही किंवा पुसून टाकली की फोटो आडवा पडतो. गिम्प फोटो उघडताना फिरवायचं का असं विचारतं, तिथे 'रोटेट'च निवडा. मग पिक्सेलच सरळ होतात आणि खुणेची गरज उरत नाही.

निर्यात करताना 'सेव्ह एक्झिफ डेटा'वरची खूण काढा. त्यात जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) मात्र असं नुसतं काढू नका. आयफोनचे फोटो सहसा डिस्प्ले पी३ या जास्त रंगांच्या प्रोफाइलमध्ये असतात, प्रोफाइल गेलं की रंग फिके दिसतात. आधी इमेज, कलर मॅनेजमेंटमधून एसआरजीबीत (वेबच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये) बदलून घ्या.

उभ्या फोटोतून ही आडवी पट्टी काढणं मला पटत नाही. ३०२४ × ४०३२ मधून पूर्ण रुंदी घेतली तरी उंची फक्त १५८८ मिळते, म्हणजे जेमतेम ३९ टक्के फोटो उरतो. ते फोटो चौकोनासाठी ठेवा, पट्टीला आडवेच निवडा.

जांभादगड

दोघांचेही आभार. आस्पेक्ट रेशो लावून पाहिलं, १२०० × ६३० नेमकं आलं. आता दोन प्रश्न. ४०० चा चौकोन याच फाइलमधून कापू का? आणि सुधारलेला फोटो त्याच नावाने चढवला तरी साइटवर जुनाच दिसतोय.

चौकट

चौकोन मूळ फोटोतूनच कापा, प्रमाण १:१. जेपीजी पुन्हा सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडा दर्जा जातो, आणि पट्टी कापताना वरखालचा भाग आधीच गेलेला असतो. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांवर कधीही सेव्ह करू नका.

जुना फोटो ब्राउझरच्या कॅशमधून (त्याने आधी साठवलेल्या प्रतीतून) येतोय. नावाला २ जोडून नव्याने चढवा आणि पानावरचा दुवा बदला. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जोडरेघ, रिकामी जागा नाही. देवनागरी नाव दिलंत तर दुव्यात प्रत्येक अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी नऊ-नऊ चिन्हं येतात, आणि असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना अनेकदा तुटतो.