ट्रम्पेटचा नवा माउथपीस रिसीव्हरमध्ये (तो ज्या नळीत बसतो तिच्यात) जास्त आत जातो आणि हलतो: दोष कशात असावा?

प्रश्न (बँडवादक, कसबा पेठ):

मी गेली सहा वर्षे लग्नाच्या हंगामात आणि गणेशोत्सवात बी फ्लॅट ट्रम्पेट वाजवतो. जुन्या माउथपीसच्या रिमवरचा (ओठ टेकतात त्या कडेवरचा) चांदीचा मुलामा उडून पितळ ओठांना लागू लागले, म्हणून तेवढ्याच मापाच्या रिमचा आणि कपाचा (आतल्या वाटीचा), पण दुसऱ्या बनावटीचा माउथपीस घेतला. ओठांना तो उत्तम बसतो; मात्र ट्रम्पेटमध्ये घातला की किंचित डुगडुगतो, आणि स्टाफच्या (स्वरलेखनातील पाच रेघांच्या) वरचे जी आणि ए हे सूर, जे पूर्वी सहज लागत, ते आता घसरतात. जिथून घेतला तिथे विचारले असता, तळहाताने एक ठोका मारून घट्ट बसवा, म्हणजे हलणार नाही, असे सांगण्यात आले. मला तो सल्ला पटला नाही. कानशीने शँक (माउथपीसची ट्रम्पेटमध्ये जाणारी निमुळती दांडी) थोडी घासून घ्यावी का, हेही सुचवावे.

उत्तर १ (ट्रम्पेटवादक, कोथरूड):

दादा, ठोका मारू नका आणि कानस तर मुळीच लावू नका. निमुळती दांडी निमुळत्या भोकात ठोकली की पाचर बसते; ती काढायला माउथपीस पुलर लागतो, आणि कोणी पकडीने पिळली तर लीडपाइपचे (माउथपीसपासून पुढे जाणाऱ्या नळीचे) डाग, म्हणजे डागून केलेले सांधे, निखळतात. माउथपीस हलक्या हाताने घालावा, पाव वळसा द्यावा, एवढे पुरेसे असते.

रिसीव्हर ही लीडपाइपच्या टोकावर बसवलेली बाहेरची नळी असते. तिच्यात एका बाजूने शँक येते आणि दुसऱ्या बाजूने लीडपाइपचे तोंड येते. शँकचे टोक त्या तोंडाला टेकत नाही, दोहोंमध्ये थोडी मोकळी जागा राहते, तिला वादक गॅप म्हणतात. बहुतेक ट्रम्पेटांत ती ३ मिलिमीटरच्या आसपास धरतात, पण प्रत्येक वाद्याला हेच माप मानवते असे नाही. गॅप बदलला की माउथपीस आणि लीडपाइप यांच्या सांध्यातील पोकळी बदलते, आणि त्याचा परिणाम वरच्या सुरांवर सर्वांत आधी जाणवतो. आपले जी आणि ए घसरतात ते बहुधा यामुळेच, ओठांचा त्यात दोष नसावा.

माप घरी काढता येते. दोन्ही माउथपीस आळीपाळीने घालून रिसीव्हरच्या काठापाशी शँकवर पेन्सिलीने बारीक रेघ मारा, आणि टोकापासून रेघेपर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजा. मग बारीक तारेचे टोक किंचित वाकवून रिसीव्हरच्या आत फिरवा. लीडपाइपचा काठ जिथे तारेला अडतो, तिथपर्यंतची खोलीही मोजा. शँकच्या टोकाचा व्यासही पाहा. ट्रम्पेटचा तो साधारण साडेनऊ ते पावणेदहा मिलिमीटर असतो. कॉर्नेटची शँक सुमारे एक मिलिमीटरने बारीक आणि आखूड असते, आणि घाईत कॉर्नेटचा माउथपीस हाती पडण्याचे प्रकार घडतात.

उत्तर २ (टर्नर, भोसरी):

वाद्य मी वाजवत नाही, पण टेपर (निमुळते भाग) रोज हाताखालून जातात. ट्रम्पेटच्या शँकचा टेपर सर्वसाधारणपणे १:२० धरतात, म्हणजे २० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने बदलतो. लेथवर कंपाउंड स्लाइड (हत्यार तिरके सरकवणारा भाग) सुमारे १.४३ अंशांवर लावावी लागते. याचा अर्थ व्यासात ०.०५ मिलिमीटर फरक पडला तर शँक एक मिलिमीटर आत किंवा बाहेर बसते. कानशीचे दोन हात म्हणजे गॅपची वाट लागली असे समजा, शिवाय हाताने घासलेली शँक गोल राहत नाही.

डुगडुगण्याचे कारण शोधायला शँकवर प्रशियन ब्ल्यूचा (खूण पाहायच्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात द्या, हलके घालून किंचित फिरवा आणि बाहेर काढा. निळा रंग पूर्ण लांबीवर पुसला गेला, तर टेपर जुळतो. फक्त टोकाजवळ पुसला गेला, तर रिसीव्हरचा टेपर शँकपेक्षा जास्त आहे. फक्त रिसीव्हरच्या काठाजवळ पुसला गेला, तर उलट. बाजूला कुठेच धड पुसला गेला नाही आणि टोकाच्या सपाट कडेवर मात्र चकचकीत खूण उठली, तर शँक पाचर बसण्याआधीच लीडपाइपला जाऊन टेकते. पाहण्यापूर्वी टोक पडून चेपलेले नाही ना, याचीही खात्री करा.

प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मोजले. जुना माउथपीस २४ मिलिमीटर आत जातो, नवा २७, आणि लीडपाइपचा काठही बरोबर २७ मिलिमीटरवर आहे. रंग बाजूंवर जवळजवळ तसाच राहिला, टोकाच्या कडेवर मात्र केसासारखे बारीक चकचकीत वर्तुळ उठले. टोक चेपलेले नाही आणि माउथपीस ट्रम्पेटचाच आहे.

उत्तर २ (टर्नर, भोसरी):

मग गॅप शून्य झाला आहे आणि शँकला धरून ठेवणारे काही उरलेले नाही. नेहमीच्या लिहिण्याच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. त्याचा एकच थर, कडा एकमेकींवर न चढवता, शँकभोवती गुंडाळा, व्यास ०.२ ने वाढेल आणि शँक तिच्या पाचरीच्या जागेपासून चारेक मिलिमीटर बाहेर येईल. हा उपाय फक्त पडताळणीसाठी आहे, मिरवणुकीत ओला होऊन कागद टिकणार नाही.

प्रश्नकर्ता:

कागद लावल्यावर माउथपीस २४ वर थांबला, हलणे पूर्ण बंद झाले, आणि ए पहिल्या फुंकेत जागेवर लागला. मी तो पाच-सहा वेळा मुद्दाम थांबून थांबून वाजवून पाहिला. माउथपीस बदलून मिळत नाही. शँक थोडी उतरवून वर पितळी बाही बसवता येईल का?

उत्तर २ (टर्नर, भोसरी):

येईल. शँक बारीक करून पातळ बाही डागायची आणि मग १:२० ने फिनिश करायची. रविवारी सकाळी आणा, मात्र ट्रम्पेट आणि जुना माउथपीसही सोबत हवा. शेवटचे दोन-तीन कट आपल्या रिसीव्हरमध्ये घालून, ब्ल्यू पाहूनच घ्यावे लागतील.