नुसती उंची वाढवून भागणार नाही
बागेतल्या बाकांची उंची वाढवली की वयस्कर माणसांचा बसण्या-उठण्याचा प्रश्न सुटला, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. साधारण ४५ सेंटिमीटर उंची ठीकच, पण खरी कसोटी उठताना लागते. गुडघे दुखणारा माणूस आधी पाय मागे घेतो, मग हातांवर भार देऊन उठतो. बाकाखाली सिमेंटची भिंत असेल तर टाचा मागे जाणार कुठे? आणि हात टेकायला दांडा नसेल तर शेजाऱ्याचा खांदाच! दांडे बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत हवेत, मागेच संपणारे निव्वळ शोभेचे.

व्हीलचेअरसाठी बाकाला लागून, त्याच रांगेत किमान ७६ बाय १२२ सेंटिमीटर सपाट, पक्की जागा सोडावी. समोर सोडली तर खुर्ची वाटेत येते. हिरवळीच्या मधोमध बाक ठेवणाऱ्यांनी तिथवर चाकं कशी पोहोचणार, हेही बघावं.