अननसाची स्मूदी तीन-चार तासांत कडू का होते? (फळं + मसाले)

वाटीचमचा

दोन ग्लासांचं सध्याचं प्रमाण असं आहे: अननसाच्या फोडी १ वाटी (वाटी १५० मिलीची), पिकलेलं केळं १, थंड दूध २५० मिली, सालं काढलेलं आलं अर्धा इंच, दालचिनी पूड पाव चमचा, हळद पाव चमचा, मिरपूड चिमूटभर, मध १ चमचा. सगळं एकदम मिक्सरच्या मधल्या भांड्यात घालून दीड-दोन मिनिटं फिरवते. एक ग्लास लगेच संपतो, दुसरा बाटलीत भरून ऑफिसात जातो आणि अकराच्या सुमारास प्यायला जातो.

अडचणी:
– लगेच प्यायलं तर चव छान. बाटलीतलं मात्र कडूजहर. मध वाढवला तरी कडूपणा मागे राहतोच.
– बाटलीत खाली चोथा, मधे पाणी, वर फेस.
– दालचिनीमुळे घोट बुळबुळीत लागतो आणि पूड ग्लासाच्या कडेला चिकटते.
– हळदीचा कच्चा वास जात नाही.
– गोठवलेली फळं घातली की मिक्सर मधेच बंद पडतो.

फळं, मसाले आणि शक्यतो दूध किंवा दही ठेवायचं आहे. साखर नको.

पाकशाळा

कडूपणाचं कारण अननस आणि दूध ही जोडी. मसाल्यांचा त्यात फार दोष नाही. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातल्या प्रथिनांचे, मुख्यतः केसीनचे, तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. कडूपणा पेयात मागाहून तयार होत असल्यामुळे पहिला ग्लास चांगला लागतो आणि अकरा वाजताचा तोंडात धरवत नाही. मधाने तो झाकणार नाही, कारण तुम्ही मध घातल्यावरही एन्झाइमचं काम चालूच असतं.

दुधाऐवजी दही घातलं तरी तेच होणार, दह्यातही केसीन आहेच. अननसाचं रायतं करताना डब्यातला किंवा साखरेत शिजवलेला अननस घेतात, त्यामागचं कारणही हेच. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. गोठवून होत नाही. थंडीत ते फक्त मंदावतं आणि फोड वितळली की पुन्हा कामाला लागतं. फ्रीजरमधला अननस घेतला म्हणजे सुटलो असं बरेच जण समजतात, तसं नाही.

उपाय: फोडी दोन चमचे पाण्यासोबत पातेल्यात झाकण ठेवून ५-६ मिनिटं वाफवा. मोठ्या फोडीचा गाभा गरम झाला पाहिजे, म्हणून तुकडे १ सेंमीपेक्षा जाड नकोत. पूर्ण गार करून मग दुधात. ताज्या अननसाचा झणका थोडा उतरतो, पण गोडी वाढल्यासारखी वाटते.

पपई आणि किवी यांचीही हीच तऱ्हा. पपईतलं पपेन उष्णतेला जास्त दाद देत नाही आणि शिजवलेली पपई स्मूदीत बेचव लागते. म्हणून पपई-दूध करायचंच असेल तर लगेच प्यायचं, बाटलीत भरायचं नाही. आंबा, केळं, चिकू यांना हा त्रास नाही. शिकरण तासभर राहिलं तर काळपट पडतं, पण कडू होत नाही.

आणखी एक: तुमच्या प्रमाणात कच्चं आलं आहे. आल्यातही प्रथिनं तोडणारं एन्झाइम आहे. तेही उकळूनच घाला.

खडामसाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दालचिनी आणि आलं या दोन्हींवर एकच उपाय आहे: पूड घालूच नका, मसाल्याचं पाणी करून त्याचे बर्फाचे खडे करा.

दालचिनीच्या पुडीत चिकट द्रव्य असतं. ती पाण्यात फुगते आणि जितका वेळ राहील तितकी बुळबुळीत होते. शिवाय कोरडी पूड थंड दुधात भिजत नाही, वर तरंगते आणि कडेला चिकटते. कितीही फिरवलं तरी ते तसंच राहणार.

प्रमाण:
पाणी ३०० मिली
दालचिनीचा अखंड तुकडा २ इंच
वेलची ६, सालीसकट ठेचून
मिरी ८ दाणे, जरा चेचून
लवंग २ (तिसरी नको, जीभ बधिर होते आणि फळाची चव लागेनाशी होते)
आलं १ इंच, पातळ चकत्या

गार पाण्यातच सगळं घाला, उकळी आली की आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवून ८-१० मिनिटं उकळू द्या. साधारण २०० मिली उरलं पाहिजे. झाकण पूर्ण काढू नका, वेलचीचा वास हवेत जातो. बंद करून झाकूनच गार करा, मग गाळा. गाळताना चोथा दाबून पिळायचा नाही, पिळला की तुरटपणा उतरतो. बर्फाच्या ट्रेमध्ये १२ खडे होतात. एका ग्लासाला २ खडे. बर्फ घालायचाच असतो, तो साध्या पाण्याचा घालून चव पातळ करण्यापेक्षा हा घालावा. जायफळ मात्र उकळू नका, ते आयत्या वेळी किसणीवर दोनदा घासलं की पुरे.

दालचिनी विकत घेताना बघून घ्या. बाजारात बहुतेक वेळा मिळते ती कॅशिया: जाड, कडक, एकाच पदराची साल. खरी दालचिनी पातळ पदरांची असते, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरडता येते आणि वास गोडसर, कमी उग्र. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात खऱ्या दालचिनीची. स्मूदीसारख्या गार पेयात तिचा वास जास्त चांगला लागतो.

वाटीचमचा

अननस वाफवणं आणि मसाल्याचे खडे, दोन्ही पटलं. मग हळदही त्याच पाण्यात उकळू का? की तुपावर परतून घालू?

खडामसाला

दोन्ही नको. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ट्रेच्या तळाशी पिवळा गाळ बसेल आणि एका खड्यात सगळी हळद, दुसऱ्यात काहीच नाही असं होईल. तूप किंवा खोबरेल तेलावर परतलेली हळद गार पेयात घातली की स्निग्ध पदार्थ थिजतो. खोबरेल तर २४ अंशांच्या खालीच घट्ट होतं. जिभेवर पिवळे मेणचट कण येतात.

चार चमचे सायीचं दूध घ्या, त्यात दोन ग्लासांसाठी पाव चमच्याऐवजी त्याच्या निम्मी हळद घाला, एक उकळी आणा, मिनिटभर ढवळा, गार करा. कच्चा वास उकळीने जातो, आणि दुधातली स्निग्धता आधीच बारीक विखुरलेली असल्यामुळे थिजून गोळे होत नाहीत. मिरी खड्यांमध्ये आहेच, वेगळी पूड लागणार नाही.

ओली हळद मिळते त्या थंडीच्या दिवसांत अर्धा इंच किसून दुधात उकळा. आंबेहळद मिळाली तर तिची कैरीसारखी चव आंब्याच्या आणि अननसाच्या स्मूदीत सुरेख बसते.

मिक्सरवाले

मिक्सरबद्दल. बंद पडतो तो बहुधा बिघाड नसतो. तळाशी लाल बटण असतं, मोटरवर भार आला की ते बाहेर उडतं. पाच-दहा मिनिटं थांबा, बटण आत दाबा, चालू होईल. पण रोज उडत असेल तर मोटरवर रोज ताण पडतोय.

पहिली चूक भांड्याची. मधलं भांडं ओल्या वाटणाचं आहे, त्यात पातळ पदार्थ नीट फिरत नाही. सर्वात मोठं, आतून उभ्या पट्ट्या असलेलं भांडं घ्या. त्या पट्ट्यांमुळे पदार्थ नुसता गरगरत न राहता पुन्हा पात्याकडे येतो. निम्म्याहून जास्त भरू नका.

दुसरी चूक क्रमाची. आधी दूध किंवा दही, मग मऊ फळ, सर्वात वर गोठवलेलं. गोठवलेलं तळाशी गेलं तर पातं अडकतं. आणि दूध कमी असलं तर पात्याभोवती हवेचा पोकळ खळगा तयार होतो. आवाज एकदम चढतो, पातं जोरात फिरतं, पण वरचं जागचं हलत नाही. हा आवाज ओळखायला शिका. अशा वेळी वेग वाढवायचा नाही, बंद करून चमच्याने हलवायचं आणि दोन चमचे दूध घालायचं.

फळ गोठवताना ढीग करून डब्यात टाकलं तर एकच दगड होतो. केळ्याच्या १ सेंमीच्या चकत्या ताटात सुट्या पसरा, चार-पाच तासांनी कडक झाल्या की डब्यात भरा. वापरण्याआधी ५ मिनिटं बाहेर. ५०० वॉटच्या मिक्सरला एवढं पुरतं.

वेळ: तीन-चार वेळा उलट्या बाजूला झटका, मग मध्यम वेगावर २० सेकंद, थांबा, पुन्हा २० सेकंद. दोन मिनिटं सलग फिरवल्यामुळेच तुमचा फेस होतोय. हवा आत जाते आणि पेय गरमही होतं.

फळबाग

चोथा खाली आणि पाणी मधे येतं त्याला थोडा आधार हवा. दोन ग्लासांना १ मोठा चमचा ओट्स दुधात १० मिनिटं भिजवून तेच फिरवा. किंवा जवस कोरडे भाजून केलेली पूड २ लहान चमचे. जवसाची पूड वेळ जाईल तशी घट्ट होत जाते, म्हणून बाटलीत न्यायचं असेल तर दूध २-३ चमचे वाढवा. पूड आठवड्यापुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा, तिला खवट वास लवकर येतो.

अननसावरच अडून राहायची गरज नाही. हंगामाप्रमाणे काही जोड्या:

चिकू + दूध + जायफळ. सोललेले, बिया काढलेले २०० ग्रॅम चिकू, दूध २०० मिली. देठापाशी दाबून मऊ लागला तरच घ्या. अर्धवट पिकलेल्या चिकूतल्या टॅनिनने जीभ आकसते आणि ती चव कशानेच जात नाही. घोलवडचा चिकू मिळाला तर मध लागत नाही. बी एकही राहता कामा नये, टोकाला आकडा असतो.

पेरू + दही + भाजलेलं जिरं + सैंधव. हा माझ्या मते मसाला-स्मूदीचा सगळ्यात चांगला प्रकार, आणि लोक बियांना घाबरून करत नाहीत. पेरूच्या फोडी १५० मिली पाण्यात मंद वेगावर फक्त १० सेकंद फिरवा, म्हणजे गर सुटतो पण बी अखंड राहते. मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून चमच्याने घासून गाळा. तो गर, १ वाटी दही, वरचे मसाल्याचे खडे, पाव चमचा जिरेपूड. जास्त फिरवलं तर बी फुटते, रवाळ कचकच येते आणि मग ती कुठल्याही गाळणीत अडकत नाही.

स्ट्रॉबेरी दह्यात, दुधात नको, आंबटपणाने दूध फाटतं. संत्रं घालायचं तर पाकळीचं साल आणि बी काढूनच. बी फुटली की कडू, आणि संत्र्या-मोसंबीचा रस ठेवला तरी कडवट होतो, त्याचं कारण अननसापेक्षा वेगळं असलं तरी.

अननस कच्चाच हवा असेल तर दुधाऐवजी नारळाचं दूध. १ वाटी खवलेला नारळ, १ वाटी कोमट पाणी, फिरवून पिळून. त्यात केसीन नसतं, त्यामुळे तसा कडूपणा येत नाही. पण हे उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही.

तराजू

'हेल्दी' या शब्दाबद्दल थोडं. फळ मिक्सरमध्ये गेलं की पटकन प्यायलं जातं. दोन केळी आणि वाटीभर आंबा कोणी एका बैठकीला खाणार नाही, पण पिऊन टाकतो. ब्रिटनची आरोग्यसेवा फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीपेक्षा जास्त नको असं सांगते. ग्लास २५० मिलीचा असेल तर त्यात निम्मं दही किंवा दूध असू द्या आणि एकच गोड फळ. मधाचीही मग गरज नाही. त्याऐवजी चिमूटभर मीठ घालून बघा, गोडी वर येते.

कॅशिया दालचिनीत कुमारिन असतं, ते जास्त प्रमाणात यकृताला त्रासदायक. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशोबाने ६० किलो वजनाच्या माणसाला कॅशियाची पूड रोज २ ग्रॅम आणि १५ किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅम ही मर्यादा. सपाट चमचा म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. रोजचा पाव चमचा मोठ्यांना चालतो, लहान मुलाला तेवढा नको.

जांभूळ, द्राक्षं, स्ट्रॉबेरी यांसोबत केळं टाळता आलं तर टाळा. केळं काळं पाडणारं एन्झाइम इतर फळांतल्या फ्लॅव्हनॉल या उपयुक्त द्रव्यांवरही काम करतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात केळ्याच्या स्मूदीसोबत घेतल्यावर फ्लॅव्हनॉलची रक्तातली पातळी ८४ टक्के कमी आली होती. घट्टपणासाठी त्या ठिकाणी आंबा किंवा घट्ट दही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं आणि शहाळ्याचं पाणी डॉक्टरांना विचारूनच. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

वाटीचमचा

सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय: वाफवलेला अननस १ वाटी, केळं अर्धं, दही १ वाटी, दूध १०० मिली (त्यातल्याच चार चमच्यांत हळद उकळून), ओट्स १ चमचा भिजवून, मसाल्याचे ४ खडे, मीठ चिमूटभर. मध बंद. दोन शंका: खडे किती दिवस टिकतील? आणि बाटली सकाळी सात ते अकरा बाहेर राहिली तर?

पाकशाळा

प्रमाण बरोबर आहे. दही फार आंबट असेल तर पाऊण वाटी. हळदीचं दूध पूर्ण गार झाल्यावरच दह्यात, कोमट घातलं तर दही फुटून रवाळ होतं.

खडे महिनाभर. ट्रे उघडा ठेवू नका, गोठले की झाकणाच्या डब्यात काढा, नाहीतर फ्रीजरमधला मासळीचा किंवा लसणाचा वास त्यांना लागतो.

बाटलीचं मात्र सांभाळा. दूध-दह्याचं पेय बाहेर दोन तासांहून जास्त नको, बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास. रात्री थर्मासमध्ये बर्फाचं पाणी भरून ठेवा, सकाळी ते ओतून थर्मास थंड असतानाच स्मूदी काठोकाठ भरा आणि ऑफिसात पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये ठेवा. तिथे फ्रीज नसेल तर दुसरा ग्लास घरीच संपवून निघा.