मदत हवी आहे: कॅलिब्रेशन आणि अ‍ॅडजस्टमेंट, कुठे कोणता शब्द?

मोजमापाच्या साधनांची कार्यपद्धती इंग्रजीत लिहायची आहे. ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर (स्क्रूने जाडी मोजणारं साधन) बंद केल्यावर ०.०२ दाखवतो. पान्याने स्लीव्ह (मुख्य रेषा असलेली नळी) फिरवून तो शून्यावर आणला, तर 'कॅलिब्रेट केला' लिहायचं की 'अ‍ॅडजस्ट केला'? शॉपफ्लोरवर दोन्ही सर्रास चालतात.

मापाडी:
अ‍ॅडजस्ट. पण आधी जबड्यांमध्ये स्वच्छ कागद हलका धरून ओढून काढा आणि पुन्हा बघा. बऱ्याचदा तो ०.०२ म्हणजे नुसती घाण असते.

कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या मापाशी तुलना करून साधन किती चुकतं ते अनिश्चिततेसह नोंदवणं. त्यात साधनाला काहीही करायचं नसतं. मोजमापशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाच्या २००८च्या आवृत्तीत या दोन शब्दांची गल्लत करू नका असं स्पष्ट बजावलं आहे.

क्रम महत्त्वाचा: आधी आहे त्या स्थितीतली रीडिंग, मग गरज असेल तर अ‍ॅडजस्टमेंट, मग पुन्हा कॅलिब्रेशन. आधीच स्लीव्ह फिरवली, तर मागच्या कॅलिब्रेशननंतर मोजलेले जॉब (बनवलेले भाग) किती चुकले असतील हे कधीच कळणार नाही. ऑडिटमध्ये नेमकं हेच विचारतात.

आणि तुलनेसाठी स्लिप गेज (माहीत असलेल्या अचूक जाडीचे ठोकळे) ५, १०, १५, २० मिमी असे घेऊ नका. स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, ०.५ मिमी, त्यामुळे थिंबल (फिरणारी आकड्यांची नळी) दर वेळी शून्याच्याच रेषेवर येतं आणि फेऱ्याच्या मधली चूक दिसतच नाही. २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ असे घ्या.

प्रश्नकर्ता:
मग पीएच मीटरवर 'कॅल' बटण का असतं?

बफर_सात:
तो उत्पादकांचा रूढ वापर. ४, ७, १०चे बफर (पीएच माहीत असलेली द्रावणं) दाखवून ते बटण दाबलं की मीटर स्वतःला जुळवून घेतो, म्हणजे काटेकोरपणे ती अ‍ॅडजस्टमेंटच. तुमच्या कागदात बटणाचं नाव आहे तसंच ठेवा, पण पुढची पायरी वेगळी लिहा: जुळवणीत न वापरलेल्या बाटलीतल्या बफरवर तपासणी. बफरच बिघडलेला असेल, तर मीटर निमूटपणे त्या चुकीलाही जुळतो.

मापाडी:
वाक्यरचनेचंही बघा. 'कॅलिब्रेटेड अगेन्स्ट' स्लिप गेज, पण 'अ‍ॅडजस्टेड टू' झिरो. आणि 'कॅलिब्रेटेड' म्हणजे 'बिनचूक' नव्हे. प्रमाणपत्रात १५ मिमीपाशी +०.००८ चूक असेल, तर तेवढी रीडिंगमधून वजा करायची. नुसतं 'कॅलिब्रेटेड, ओके' लिहिलेलं प्रमाणपत्र स्वीकारू नका, आकडे मागा.