नस जोडली की नस दुरुस्त केली? आणि ‘दूरस्थ मूल्यांकना’ला काय म्हणावं?

प्रश्न

हाताची नस तुटल्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची प्रगती त्यांच्या घरूनच, व्हिडिओवरून तपासता येईल का, असा एक अभ्यास आहे. त्याचं रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मी मराठीत लिहिते आहे. पहिल्या मसुद्याचं शीर्षक असं झालं: ‘परिघीय मज्जातंतू दुरुस्तीनंतर अवयवांच्या कार्यक्षमतेचे दूरस्थ मूल्यांकन’. एकूण एक शब्द कोशात सापडेल. घरी सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं, “किडनीचं काही आहे का गं?”

चूक त्यांची नाही. अवयव म्हटलं की आपल्याला अवयवदान आठवतं. मूत्रपिंड, यकृत, हृदय. हात हाही अवयवच, पण हात दुखला तर ‘अवयव दुखतो’ असं कुणी म्हणत नाही. मज्जा म्हटलं की हाडातली मज्जा, आणि ‘मज्जातंतूची तपासणी’ वाचून हाडात सुई घालणार की काय, अशी भीती बसते. मूल्यांकन ऐकलं की परीक्षेचे गुण.

मला इंग्रजीतल्या चार शब्दांसाठी मराठी शब्द हवे आहेत: नर्व्ह, रिपेअर, लिंब (म्हणजे हात किंवा पाय) आणि रिमोट असेसमेंट. कोशातले नकोत, रुग्णाला कळतील असे, आणि कळताना चुकीचं काही कळणार नाही असे.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोलताना ‘नस’ सोडून दुसरा शब्द मी वापरत नाही, पण त्यातही अडचण आहेच. सलाइन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात ती रक्तवाहिनी. ‘मानेतली नस दबली’ ही नर्व्ह. ‘पोटरीची नस चढली’ म्हणतात तेव्हा तो स्नायूचा पेटका असतो. ‘शीर’चंही तेच. मनगटाला काच लागलेला माणूस ‘नस कापली’ म्हणाला, तर रक्तवाहिनी, नर्व्ह की बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), हे आम्हाला विचारून घ्यावं लागतं. तिथे तिन्ही एकमेकींना खेटून असतात आणि पुष्कळदा एकाच वेळी कापल्या जातात.

म्हणून मी पहिल्यांदा ‘संवेदना आणि हालचालीची नस’ असं म्हणते. एकदा ते सांगितलं की पुढे नुसतं ‘नस’ पुरतं.

प्रतिसाद

या गोंधळाबद्दल वाईट वाटून घेऊ नका, तो फार जुना आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्व्हस’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ कंडरा, तात, धनुष्याची दोरी असा होता. आपल्या ‘स्नायु’शी त्यांचं भाषिक नातं आहे. सुश्रुतसंहितेत स्नायूंची संख्या ९०० आणि पेशींची ५०० दिली आहे. तिथे मांसाच्या पेशी वेगळ्या आणि बांधून ठेवणारे स्नायू वेगळे. पुढे मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी झाली आणि बंगालीत तोच शब्द नर्व्हसाठी रुळला. तेव्हा हिंदी किंवा बंगाली पत्रकावरून मराठी करणाऱ्यांनी ‘स्नायु’ जसाच्या तसा उचलू नये. अर्थ पार उलटा होतो.

‘लिंब’साठी संस्कृतात सुंदर शब्द आहे, शाखा. सुश्रुताने शरीराची सहा अंगं सांगितली आहेत: चार शाखा, मध्य आणि शिर. पण आज शाखा म्हटलं की बँकेची, त्यामुळे तो नाद सोडा. ‘हातपाय’ हाच शब्द ठेवा. एकवचनी हवं तिथे सरळ ‘हात किंवा पाय’ लिहा.

मूळ लेखिका

‘हातपाय’ घेतला, ‘नस’ही घेतली. शाळेच्या पुस्तकातला ‘चेतातंतू’ मला मज्जातंतूपेक्षा आवडतो, कारण त्यात चेतना आहे, ‘चेतवणे’ आहे. पण दोन्हींत ‘तंतू’ची एक अडचण आहे. नस हा एक धागा नाही. तिच्यात हजारो धागे असतात, त्यांचे गठ्ठे असतात आणि प्रत्येक गठ्ठ्याला वेगळं आवरण. सगळ्या नसेलाच तंतू म्हटलं तर आतल्या धाग्याला काय म्हणणार?

दोरखंड बघितला आणि उत्तर मिळालं. दोरखंडाला पेड असतात, पेडात तंतू. वेणी तीन पेडांची. म्हणून नस, नसेचे पेड, पेडातले तंतू. सर्जन केसापेक्षा बारीक टाक्यांनी नसेचं बाहेरचं आवरण शिवतो, पेड समोरासमोर आणतो. तंतू कुणी शिवत नाही, शिवता येतच नाही. हे वाक्य मी पत्रकात घातलं आणि वाचणाऱ्या तिघांनाही ते एका वाचनात समजलं.

आता ‘रिपेअर’. इथे माझं मत ठाम होत चाललं आहे की ‘दुरुस्ती’ हा शब्द रुग्णाचं नुकसान करतो. पंखा दुरुस्त झाला की बटण दाबताच फिरतो. तुटलेली वायर जोडली की दिवा लागतो. रुग्णाला वाटतं, शस्त्रक्रिया झाली, दुरुस्ती झाली, उद्या बोट हलेल. बोट हलत नाही. दोन महिन्यांनीही हलत नाही, आणि मग तो समजतो की शस्त्रक्रिया फसली. यासाठी शब्द सुचवा.

प्रतिसाद

मी तुम्ही म्हणता तो रुग्ण आहे. काचेने मनगटाजवळची नस तुटली होती. ‘दुरुस्त केली आहे’ एवढंच मला सांगितलं गेलं. तिसऱ्या आठवड्यापासून मी रोज सकाळी उठल्या उठल्या अंगठा हलतो का बघायचो आणि रोज खचायचो. आतमध्ये काय चाललं आहे हे कुणी सांगितलं असतं तर ते महिने वेगळे गेले असते.

नंतर वाचून कळलं ते असं. नस तुटली की तुटल्या जागेच्या पुढचे तंतू मरतात. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. पुढच्या भागात तंतूंचा चुरा होतो आणि तो साफ केला जातो. उरतात त्या रिकाम्या नळ्या आणि त्यांतल्या, तंतूंना वेढून असणाऱ्या ‘श्वान’ पेशी (हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही). मागचा, म्हणजे मणक्याकडचा भाग जिवंत असतो. त्याच्या टोकाला नवे कोंभ फुटतात आणि ते त्या जुन्या नळ्यांतून पुढे सरकतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. महिन्याला एक इंच धरा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८-२० सेंटीमीटर, म्हणजे सहा महिने तरी गेलेच. काखेजवळ नस तुटली असेल तर पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत पोचायला दीड वर्ष किंवा जास्त. आणि स्नायू तितका वेळ थांबत नाहीत. बारा ते अठरा महिने नस पोचली नाही, तर पुढे ती पोचूनही स्नायू तिला फारशी दाद देत नाही.

म्हणून माझी सूचना: शस्त्रक्रियेला ‘नस जोडणे’ आणि त्यानंतरच्या काळाला ‘नस वाढणे’ म्हणा. एक काम सर्जनचं, दुसरं शरीराचं. दोन्हींना एकच शब्द दिला की सगळा घोळ तिथे सुरू होतो.

प्रतिसाद

‘वाढणे’पेक्षा ‘फुटवा’ कसा वाटतो? छाटल्यावर झाडाला फुटतो तो. कापलेल्या टोकातून नवे तंतू निघतात हे चित्र त्यात आपोआप येतं. पुनर्जनन हा शब्द बरोबर असेल, पण त्यात पुनर्जन्माचा वास येतो.

आणि ग्राफ्टला, म्हणजे तुटीच्या मध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा बसवतात त्याला, ‘कलम’ म्हणता येईल का?

मूळ लेखिका

फुटवा! हा शब्द मला सुचायला हवा होता. घेतला.

‘कलम’वर मी दोन दिवस विचार केला आणि तो सोडला. आंब्याचं कलम केलं की वरची फांदी जगते आणि फळ त्याच फांदीचं येतं. नसेच्या ग्राफ्टमध्ये उलट होतं. पोटरीमागची, पावलाच्या बाहेरच्या कडेला स्पर्श देणारी नस काढून मधल्या तुटीत बसवतात, पण तिचे स्वतःचे तंतू मरतात. ती उरते ती वाट म्हणून, आणि तिच्यातून जातात ते आधीच्याच नसेचे फुटवे. म्हणून मी ‘नसेचा तुकडा बसवणे’ असं लिहिलं आहे. कृत्रिम नळी वापरली तर ‘नळी बसवणे’. एखादी जवळची, कमी गरजेची नस किंवा तिचा पेड कापून बंद पडलेल्या स्नायूला जोडतात, त्याला ‘स्थलांतर’ म्हणतात असं वाचलं. मी ‘नस वळवणे’ लिहिलं. पाण्याचा पाट वळवतो तसं. ओबर्लिन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत करंगळीकडच्या नसेचा एक पेड दंडाच्या बेटकुळीकडे वळवतात, कोपर वाकावं म्हणून. तिथे ‘वळवणे’ अगदी चपखल बसतो.

प्रतिसाद

इजेच्या प्रकारांसाठीही शब्द लागतील. सेडन यांनी १९४३ साली तीन प्रकार पाडले: नस शाबूत पण संदेश थांबलेला, तंतू तुटलेले पण आवरण शाबूत, आणि नस पूर्ण तुटलेली. पहिल्याला ‘नसेला मुका मार’ म्हणता येईल.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट)

शब्द गोड आहे, पण नको. मुका मार हे कारण झालं, प्रकार नव्हे. मुक्या माराने दुसऱ्या प्रकारची इजाही होते. ‘नस दबकली’, ‘आतले तंतू तुटले’, ‘नस तुटली’ असे तीन साधे शब्द ठेवा.

मी लिहिणार होते ते ‘मुंग्या’बद्दल. रुग्ण सांगतात ते शब्द आम्ही कधी कधी सारखेच समजतो, ते सारखे नसतात. ‘बधिर’ म्हणजे स्पर्शच कळत नाही. संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा, आणि बहिरा हात हे वर्णन किती नेमकं आहे! ‘जड पडला’ म्हणजे बहुधा ताकद नाही. ‘मुंग्या’ मात्र बऱ्याचदा चांगली बातमी असते. नसेच्या मार्गावर बोटाने टिचकी मारत जायचं. जिथे टिचकी मारल्यावर पुढच्या भागात मुंग्या येतात, तिथवर फुटवे पोचले आहेत. ज्यूल टिनेल यांनी १९१५ साली हे लिहिलं आणि फ्रेंचमध्ये त्या खुणेला ‘फुर्मियमाँ’ म्हटलं. फुर्मी म्हणजे मुंगी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच प्राणी निवडला! तपासणीच्या वहीत मी लिहिते, ‘मुंग्या मनगटापासून चार बोटं पुढे सरकल्या’, आणि रुग्णालाही ते वाचता येतं.

आता ‘दूरस्थ मूल्यांकन’. ‘व्हिडिओवरून तपासणी’ लिहा. पण शीर्षकापेक्षा आतल्या सूचना जास्त जपून लिहा, कारण समोर असताना मी रुग्णाचा हात धरून दाखवते आणि पडद्यावर फक्त शब्द असतो.

मराठीत हात खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. ‘हात वर करा’ म्हटलं की एक जण खांद्यातून उचलतो, दुसरा फक्त पंजा मनगटातून वर करतो, तिसरा चांगल्या हाताने दुसरा उचलून धरतो. तिघांनीही सूचना पाळली आहे. म्हणून दंड, कोपर, मनगट, पंजा असं नाव घेऊन सांगा. ‘कोपर टेबलावर टेकवून ठेवा, मनगट तुमच्याकडे ओढा.’

उताणा आणि पालथा हे दोन शब्द असताना ‘तळहाताची दिशा वरच्या बाजूस करा’ लिहायची गरजच नाही. बोटं ‘फाकवा’ म्हणा, ‘एकमेकांपासून दूर न्या’ नको. टोकाला टोक लावून धरायचं असेल तर ‘चिमूट’. अंगठा तर्जनीच्या कडेला दाबून धरायचा असेल तर ‘किल्ली धरतो तसं’. तिथे कागद धरायला सांगून ओढला आणि अंगठ्याचं पेर वाकलं, तर करंगळीकडची नस कमजोर आहे. ते पडद्यावरही स्वच्छ दिसतं. ‘उजवा-डावा’ टाळा, समोरच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटतं. ‘दुखरा हात’ आणि ‘चांगला हात’ म्हणा.

ताकदीच्या ० ते ५ श्रेणी (० म्हणजे स्नायू हलतच नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद) दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वापरात आहेत. व्हिडिओवरून ३ नक्की कळते, कारण हात स्वतःचं वजन उचलतो की नाही हे दिसतं. २ साठी हात टेबलावर ठेवून सरकवायला सांगायचं. पण ४ आणि ५ मधला फरक समोरच्याने हात अडवून धरल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पत्रकात ‘संपूर्ण तपासणी घरबसल्या’ असं लिहू नका, प्लीज. ते खरं नाही.

मूळ लेखिका

‘संपूर्ण’ काढला. प्रश्नावलीतही एक बदल केला. रोजची कामं करताना हाताला किती अडचण येते हे विचारणाऱ्या, १९९६ सालच्या डॅश प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत. घट्ट झाकण उघडणं, किल्ली फिरवणं, लिहिणं. मी ‘येतं का?’ असं विचारलं होतं, आणि त्यावर लोक ‘येतं’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. उत्तर तर पाच पायऱ्यांत हवं आहे. आता ‘कितपत जड जातं?’ असं केलं आहे: अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, खूप, जमतच नाही.

शीर्षक: ‘हाताची नस जोडल्यानंतर हात किती चालतो? व्हिडिओवरून तपासणी’.

प्रतिसाद

शीर्षक छान. मी तो मनगटवाला. फक्त ‘दुखरा हात’ बदला. माझा हात दुखत नव्हता, त्याला काही कळतच नव्हतं. दुखरा हात दाखवा म्हटलं असतं तर मी चांगला दाखवला असता, कारण सगळं काम करून करून तोच दुखायला लागला होता. ‘नस जोडलेला हात’ लिहा.

मूळ लेखिका

बदलला. सतरा ठिकाणी होता.